हिरवे ठिपके

बावीस वर्षं प्रयोगशाळेत यीस्ट वाढवणाऱ्या बाईंना सगळे बशीताई म्हणत. पेशींच्या बशा त्यांच्याशिवाय कुणी हाताळायच्या नाहीत, असा दराराच होता. मंगळवारी मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुमचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. सोमवारपासून काचसामान धुवा. तसं पत्र काढलंय मी."

सहा आठवडे पेशी मरत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचे हिरवे ठिपके, म्हणजे डीएनए तुटल्याच्या खुणा. घाण हात, दुसरं काय! एवढा शोध सरांना दोन मिनिटांत लागला.

ताई तणतणत घरी आल्या. नवरा शेंगा निवडत होता.

"पगार तोच आहे ना? मग सोड की."

"पगार तोच, पण तोंड कुठं दाखवू? माझा हात घाण म्हणे!"

"मग तुटतंय कशानं?"

"डीएनए म्हणजे दोरा, प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. पेशी दोन होण्याआधी दोऱ्याची नक्कल होते. नवा दोरा लगेच नव्या रिळांवर चढला तर ठीक. रिळं अपुरी पडली की नक्कल अडखळते, दोरा तुटतो."

"मग रिळंच संपली असतील," नवरा शेंगांवरून मान वर न करता म्हणाला.

ताईंना साखरेच्या बरण्या आठवल्या. या पेशी मुद्दाम अशा घडवल्या होत्या की रिळं बनायची ती फक्त गॅलॅक्टोज या साखरेवर. म्हणून त्यांना खायला गॅलॅक्टोजच द्यायचं; ग्लुकोज दिलं की रिळांचं काम बंद. दोन्हींची पूड पांढरीफेक, बरण्या सारख्याच.

सकाळी त्यांनी सासूबाईंच्या लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या पिशवीत टाकल्या. त्या पट्ट्या फक्त ग्लुकोजवर रंग बदलतात. 'गॅलॅक्टोज' लिहिलेल्या बरणीतली चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली, पट्टी बुडवली. पट्टी गडद झाली.

बरणी भरणाऱ्यानं तारीख आणि सही टाकायची, हा प्रयोगशाळेचा नियम. ताईंनी बरणी फिरवली. तारीख सहा आठवड्यांपूर्वीची, ताई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या तेव्हाची. सही सरांची.

बरणी आणि पट्टी त्यांनी सरांच्या टेबलावर आदळली. सरांनी दोन्ही पाहिलं आणि चेहरा उजळला. "अरे वा! रिळं बंद, नक्कल कोलमडली! ताई, हा तर पुरावाच झाला. छापूया!"

"छापा की. आधी वहीत लिहा, बरणी कुणी भरली ते. आणि ते पत्र रद्द."

"एवढ्याशा गोष्टीवरून..."

"एवढ्याशा गोष्टीवरून मला भांडी घासायला पाठवत होतात! मी चुकले असते तर मला म्हणाला असतात का 'अरे वा'?"

सर पेन शोधू लागले. ताईंनी स्वतःचं पुढं केलं. सरांनी दोन ओळी खरडल्या, पत्र फाडलं.

"सही," ताई म्हणाल्या. "आणि तारीख. नियम आहे."