सिंगापूरच्या रस्त्यावरची घोळ

रजेच्या अर्जावर सही करता करता मुख्याधिकारी साहेब थांबले आणि म्हणाले, "मॅडम, सिंगापूरला चाललाच आहात, तर तिथं रस्त्याकडेच्या तणाचं काय करतात ते जरा बघून या."

मी आमच्या नगरपालिकेत उद्यान पर्यवेक्षक आहे. उद्यान एकच आहे, त्यामुळे उरलेला वेळ रस्त्याकडेच्या तणात जातो. त्या वर्षी वरून विचारणा आली होती, की तण काढायचं काम प्रभागांकडे सोपवता येईल का, आणि सोपवलं तर कामाचा दर्जा कसा मोजणार? सोपवण्यात आम्ही पटाईत होतो. वर्षानुवर्षं ते काम बांधकाम विभाग आरोग्य विभागाकडे आणि आरोग्य विभाग माझ्याकडे सोपवत आला होता. मोजायचं कसं, तेवढंच अडलं होतं. साहेबांनी गोल शिक्क्याचं एक पत्र दिलं आणि तिकीट माझं, रजा माझी, अहवाल मात्र नगरपालिकेचा, अशा थाटात मी विमानात बसले.

माझा मामेभाऊ मिलिंद सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात राहतो, तिथल्या विद्यापीठात संशोधन करतो. विमानतळावरून टॅक्सीनं येताना तो मला उंच इमारती दाखवत होता आणि मी खाली रस्त्याच्या कडेला बघत होते.

"ताई, काही पडलं का?"

"तण कुठंय रे?"

"कसलं तण?"

अर्धा तास मी डोळे ताणून बघितलं. हिरवळ, झाडं, फुलांचे ताटवे, पुन्हा हिरवळ. गाजरगवताचा एक तुरा दिसेल तर शपथ. एवढ्या लांब येऊन अहवालात लिहायचं काय?

मिलिंदनं दोन-चार फोन केले आणि एका स्थानिक परिषदेची भेट ठरवली. परिषदेचं नाव लिहीत नाही. का ते पुढं कळेलच. मंगळवारी सकाळी मिलिंदच्या इमारतीखाली काया टोस्ट (नारळ आणि अंड्याचा गोड मुरंबा लावलेला पाव) खाऊन मी बसनं निघाले आणि दहाच्या ठोक्याला पोचले.

समोर दोघं होती. एक श्रीमती ओंग. पन्नाशीच्या, गळ्यात डिजिटल कॅमेरा, हातात मोजपट्टी. दुसरे मिस्टर लिम. साठी ओलांडलेले, लांब बाह्यांचा शर्ट, हातात टोपी. बोलणं इंग्रजीत झालं, इथं मराठीत देते.

"पूर्वी हे काम आमचं सरकारी खातं करायचं," श्रीमती ओंग म्हणाल्या. "आता ते स्थानिक परिषदेला दिलंय. परिषदेनं ठेकेदाराला दिलंय. मिस्टर लिम ठेकेदाराचे मुकादम. मी खात्याची. मी फक्त मोजते."

पद्धत अशी. त्या आधी गुपचूप फिरून रस्त्यावरची तीन तणं निवडतात, फोटो काढतात, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर टिपतात आणि यादी पाकिटात बंद करतात. बुधवारी लिम यांची टोळी तो रस्ता साफ करते. गुरुवारी श्रीमती ओंग पुन्हा जातात. तण नसेल तर गुण, असेल तर गुण वजा.

"आणि बुधवारच्या आधीच गेलं तर?" मी विचारलं.

"जाणार नाही. वेळापत्रकात नाही," श्रीमती ओंग म्हणाल्या. "उद्या सकाळी या. साफसफाईच्या आधीची स्थिती दाखवते."

मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि बाहेर पडून बसच्या थांब्याकडे चालू लागले. ऊन रणरणत होतं. तेवढ्यात फरसबंदीच्या फटीत मला ओळखीचं काहीतरी दिसलं. लालसर देठ, जाडसर, चकचकीत पानं. घोळ! आपल्याकडे परसात उगवते तीच. दहा दिवस कोबी आणि बटाटा खाऊन कंटाळलेल्या माणसाला परदेशात घोळ दिसल्यावर काय होतं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. मी खाली वाकले आणि मुळासकट उपटली. थोडं पुढं अजून एक, आणि थांब्याजवळ तिसरी. छान पसरलेल्या होत्या. माती झटकून मी त्या पर्समध्ये ठेवल्या.

मिलिंदची बायको सुजाता बघून घाबरलीच. "ताई, इथं फूल तोडलं तरी दंड असतो म्हणतात!"

"हे कुठं फूल आहे? धुऊन घे आणि मुगाची डाळ भिजत घाल."

लसणाची फोडणी बसली आणि मिलिंद स्वयंपाकघरात येऊन नुसता वास घेत उभा राहिला. जेवताना मिलिंदनं भाजी दोनदा मागून घेतली. उरलेली भाजी सुजातानं मला दुसऱ्या दिवशीच्या डब्यात दिली.

बुधवारी सकाळी श्रीमती ओंग, मिस्टर लिम आणि मी परिषदेसमोरच्या त्याच रस्त्यावर गेलो. लिम यांची आठ माणसं नुकतीच टेम्पोतून उतरत होती. श्रीमती ओंग यांनी पाकीट फोडलं, पहिल्या खांबापाशी गेल्या आणि थांबल्या. फटीत नुसतं भोक होतं. त्यांनी कॅमेऱ्यातला आधीचा फोटो पाहिला, खांबाचा नंबर पाहिला, परत फटीकडे पाहिलं. दुसऱ्या खांबापाशी तेच. तिसऱ्यापाशी त्यांचा चेहरा पार बदलला.

"मिस्टर लिम, यादी तुम्हांला कोणी दिली?"

"कोणी नाही, मॅडम. मंगळवारी मी इथं कापतच नाही, लाह." (हा 'लाह' तिथली माणसं वाक्याच्या शेवटी लावतात, आपल्या 'की'सारखा.)

"अख्ख्या रस्त्यावर मला तीनच तणं सापडली होती. नेमकी तीच तीन गेली. योगायोग?"

लिम यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि माझ्या लक्षात आलं, की टोपी थरथरतेय. पुढच्याच आठवड्यात ठेक्याचं नूतनीकरण होतं, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. यादी फुटल्याचा शेरा बसला असता तर ठेका गेला असता, आणि या वयात लिम यांना दुसरं काम कोण देणार? टेम्पोजवळची आठही माणसं हातातली अवजारं तशीच धरून आमच्याकडे बघत होती.

फोटोतली घोळ मी ओळखली होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर मी गप्प राहायचं ठरवलं होतं. मी सरकारी नोकर, परक्या देशात, पर्समध्ये पासपोर्ट. दंड, नोटीस, आमच्या साहेबांना फोन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण ती टोपी बघवेना.

"मॅडम, ती तणं मी नेली."

"कुठं?"

"घरी."

"कशासाठी?"

"खाल्ली."

श्रीमती ओंग यांनी मोजपट्टी खाली ठेवली. "तीनही?"

"थोडी उरलीय," असं म्हणून मी डबा काढला.

डबा फुटपाथवर ठेवला गेला. श्रीमती ओंग यांनी शेजारी मोजपट्टी ठेवून वरून आणि बाजूनं फोटो काढले. लिम वाकले, त्यांनी वास घेतला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "ही भाजी माझी आई करायची. लसूण घालूनच." त्यांचा हात डब्याकडे गेला.

"खाऊ नका!" श्रीमती ओंग ओरडल्या. "पुरावा आहे."

मग फॉर्म भरायचा प्रश्न आला. तण कसं नाहीसं झालं: कापलं, उपटलं, फवारलं. त्यांनी 'उपटलं'वर खूण केली. कोणी: परिषद, ठेकेदार, अन्य संस्था. फॉर्ममध्ये 'पाहुणे' असा रकाना नव्हता. शेवटी त्यांनी माझ्याकडचं गोल शिक्क्याचं पत्र मागून घेतलं आणि 'अन्य संस्था'पुढं आमच्या नगरपालिकेचं नाव एकेक अक्षर बघून लिहिलं.

"मुळासकट काढलं?"

"हो."

"कचरा मागं राहिला?"

"नाही. डब्यात आहे."

"वेळेत?"

"वेळेच्या आधी," लिम हळूच म्हणाले.

आमच्या नगरपालिकेला पूर्ण गुण मिळाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

लिम सुटले, पण फेरी रद्द झाली. नवीन तीन तणं निवडायला हवी होती आणि ती लिम यांना दिसता कामा नयेत. त्यामुळे तो साठीचा माणूस दिव्याच्या खांबाकडे तोंड करून, डोळे मिटून उभा राहिला, आठ माणसं त्याच्या मागं रांगेत तशीच, आणि आम्ही दोघी बायका भर उन्हात तण शोधत फिरू लागलो. एक तास गेला. दोन मिळाली. तिसरं काही केल्या मिळेना. श्रीमती ओंग घामाघूम होऊन म्हणाल्या, "तुम्हांला अनुभव आहे. तुम्ही बघा."

अनुभव तर होताच. गटाराच्या लोखंडी जाळीखाली बोटभर उंचीची दुर्वा मी शोधून दिली. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला.

दुपारी लिम मला हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या गाळ्यांमध्ये) घेऊन गेले. कोपी-ओ (बिनदुधाची गोड काळी कॉफी) मागवली. पुरावा आता मोकळा झाला होता. त्यांनी डबा माझ्याकडून मागून घेतला आणि शेवटचा घास होईपर्यंत मान वर केली नाही.

"तुम्ही गप्प बसू शकला असता," ते म्हणाले.

"बसणारच होते," मी म्हटलं.

ते खूप हसले आणि माझी दुसरी कॉफी मागवली. निघायच्या आदल्या दिवशी मिलिंदच्या फोनवर त्यांचा निरोप आला: तिन्ही गेली, गटारातली दुर्वासुद्धा. ठेका राहिला.

परतल्यावर स्टेशन रोडनं ऑफिसला निघाले, तर दोन्ही बाजूंना गाजरगवत माझ्या कमरेइतकं. तिथं एका रोपट्यासाठी तीन माणसांना जाब द्यावा लागत होता. इथं अख्ख्या रस्त्याचा जाब विचारायला माणूसच नव्हता. मला वाटतं, मोजणं ही पुढची गोष्ट. आधी कोणाची तरी टोपी थरथरायला हवी. ऑफिसात जाऊन मी रस्त्यांची यादी काढली आणि स्टेशन रोडपुढं जबाबदार व्यक्ती म्हणून स्वतःचं नाव आणि फोन नंबर लिहिला. साहेबांनी ती यादी लगेच बाहेरच्या फळ्यावर लावली.

तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला.

"मॅडम, स्टेशन रोडचं गवत तुम्ही काढणार म्हणे?"

"हो. या आठवड्यात."

"नका ना काढू. माझ्या म्हशी तिथंच चरतात. गाजरगवत सोडून बाकी सगळं खातात."

मी पेन उघडलं. अहवालात नागरिकांचं मत नोंदवायला एक रकाना मी नवीनच घातला होता. "तिथल्या आमच्या आत्तापर्यंतच्या कामाबद्दल आपलं मत काय?"

"उत्तम!" ते मनापासून म्हणाले. "गेली दहा वर्षं एक नंबर काम आहे."

मी 'उत्तम' असं लिहिलं आणि तारीख घातली.