वरवंट्याचा टवका

आज ठेचा वाटताना वरवंट्याचा टवका उडालेल्या खाचेत मिरचीची साल अडकली आणि लसणाच्या वासासकट सक्करदऱ्याच्या घरातली ती दुपार पुढ्यात आली.

माझी धाकटी बहीण मुक्ता नवऱ्याच्या माराला कंटाळून, कुणाला न सांगता आमच्याकडे निघून आली होती. याच पाट्यावर वाटत बसली होती. तासाभरात जावईबापू दारात. आत येताच त्यानं केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मी मधे पडलो, तर एका थपडेत चष्मा आणि मी, दोघेही कोपऱ्यात.

"मी इथं आली ते याले कसं समजलं गा, दादा?" ओठाचं रक्त पुसत तिनं विचारलं.

"तुह्या भावानंच तुह्या फोनात अ‍ॅप टाकून देल्लं," तो हसला. "कुठं जाते, कोणाशी बोलते, सारं दिसते मले."

खरं होतं. घराण्याचा कॉम्प्युटरतज्ज्ञ मीच. 'तिच्या सुरक्षेसाठी' असं तो म्हणाला, म्हणून मी काही न वाचता सगळीकडे होकार दाबला होता.

मुक्तानं वरवंटा उचलला. तो मागे सरकला. पण तिचा घाव पडला शेजारी ठेवलेल्या तिच्याच फोनवर. काच उडाली, दगडाचा टवकाही उडाला. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला फोनचीच हळहळ वाटली.

ती परत गेली नाही. आता सदर भागात नोकरी करते. ज्यांचा कोड कुणीही उघडून तपासू शकतो, तेवढीच अ‍ॅप्स ती घेते आणि फोनला मला हात लावू देत नाही. आज जेवायला येणार आहे, म्हणून मघाशी फोन करून विचारलं, "कुठवर आली वं?"

"मी सांगीन तवा समजन तुले."

मी ठेचा झाकून वाट पाहत बसलो.