माझं हूड गळत नाही

हमीदभाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या अंगावर फेकलेल्या लाकडी मोगरीमुळे. मोगरी कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्याच्या कपाटाला पोचा पाडून खाली पडली. नोकरीचा माझा तो दुसरा दिवस होता. एका उघड्या मोटारीचं धुतलेलं हूड, म्हणजे वरचं कापडी छप्पर, मी मोठ्या उत्साहानं घडी घालून मागे बसवलं होतं. ते ओलं होतं.

"अहो पदवीधर," हमीदभाई ओरडले, "घरी ओलं धोतर घडी करून पेटीत ठेवता का? ठेवता? मग गाडीनं काय पाप केलंय?"

मी करमाळ्याकडचा. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिलाच. वडिलांनी गावभर पेढे वाटले होते, आणि पुण्यात नाना पेठेतल्या एका गॅरेजात जॉबकार्डं लिहायची नोकरी मिळाली तेव्हा आपण फार मोठ्या जागी आलो असं मला मनापासून वाटलं होतं. गाडी आली की तक्रार लिहून घ्यायची, कारागिरांनी काय केलं ते लिहायचं आणि गाडी परत देताना मालकाला समजावून सांगायचं, एवढं माझं काम. हमीदभाई तिथले कुशनवाले. सीटा, आतलं अस्तर आणि हूड शिवायचे. त्या काळी पुण्यात उघड्या मोटारी मोजक्याच उरल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर हमीदभाईंच्या हातचं कापड होतं.

त्यांचा राग हा गॅरेजातल्या हवेचाच भाग होता. दुसऱ्या कुणी कच्ची शिवण घातलेलं हूड आलं की ते गिऱ्हाइकासमोर सुरी लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडत. डिकीतला कुबट गालिचा अंगणात टाकून सळईनं असा बडवत की शेजारचा चहावाला म्हणायचा, "हमीदभाई, मेला असेल आता तो, सोडा." कापड कापताना कुणी बोललं तर कात्री टेबलात रोवून त्याच्याकडे बघत राहत. पण त्यांनी शिकवलेलं मी कधी विसरलो नाही. उघड्या मोटारींची सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे ओली डिकी. मालक सरळ म्हणायचे, हूड गळतं. हमीदभाई आधी डिकीच्या झाकणाखाली हात फिरवायचे. "बाहेरून आलेलं पाणी ओघळतं, आतलं पाणी लटकतं," ते मला म्हणाले होते. "ओघळ दिसला तर माझ्याकडे या. थेंब लटकलेले दिसले तर आधी खाली बघा, पाणी कुठं दडलंय ते."

असं पाणी दडायची जागा म्हणजे स्टेपनीचा खड्डा; ओल्या हुडाच्या घडीतून झिरपलेलं पाणी त्यातच उतरतं. त्याच्या तळाला पाणी निघून जायला एक भोक असतं. हमीदभाई त्याला मोरी म्हणत. मोरी तुंबली की खड्ड्यात पाणी साचतं, वरून ऊन लागलं की त्याची वाफ होते आणि थंड झाल्यावर ती झाकणाला आतून धरते.

आमच्या गॅरेजची एक मोठी गिऱ्हाईक मंडळी प्रभात रोडवर राहायची. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची पांढरी उघडी गाडी होती. घरातला थोरला मुलगा विक्रांत ती चालवायचा. नवरात्राच्या आधी हमीदभाईंनी तिला नवं हूड शिवलं. डिकी साफ करताना त्यांना मोरीत वाळून घट्ट बसलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा बोळा सापडला. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की त्या घरात शिळ्या माळा टाकून देत नसत. बाईसाहेब त्या स्टेपनीवर ठेवायच्या, वर्षभर गाडीचं रक्षण होतं म्हणून.

हमीदभाईंनी मला बोलावलं. "माने, त्यांना सांग. माळ आरशाला बांधा, बॉनेटला बांधा, डिकीत नको. आणि ओलं हूड घडी करून वर प्लॅस्टिक ओढू नका. कार्डावर लिही."

मी लिहिलं नाही. खोटं कशाला सांगू, विसरलो नव्हतो. एवढ्या मोठ्या घरच्या लोकांना, पूजेची माळ कुठं ठेवू नका, हे एका मुसलमान कारागिराच्या नावानं कसं सांगायचं, याची मला भीती वाटली. आपण उगाच आग लावू असं वाटलं. मी कार्डावर लिहिलं, 'हूड नवीन बसवले. डिकी साफ केली.' विक्रांतनं सही केली आणि गाडी गेली.

दसरा झाला. परतीचा पाऊस त्या वर्षी लांबला. दिवाळीनंतर एका दुपारी ती पांढरी गाडी गॅरेजच्या दारात कचकन थांबली. विक्रांत उतरला, त्यानं डिकीतून एक गाठोडं काढलं आणि हमीदभाईंच्या तोंडावर फेकलं. बहिणीच्या लग्नाचा शालू होता. खरेदीनंतर चार दिवस डिकीतच राहिला होता. त्याच्यावर काळे ठिपके पडले होते आणि जरीला कुबट वास मारत होता.

"तुझं हूड गळतंय," विक्रांत म्हणाला.

हमीदभाईंनी शालू नीट घडी करून टेबलावर ठेवला. मग डिकीपाशी जाऊन झाकणाखाली हात फिरवला. हात ओला झाला. "माझं हूड गळत नाही," ते म्हणाले. "भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं, म्हणून काय झाकण गळतं?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"आपण कशाला खोटं बोलाल? आपल्याला कळत नाही, एवढंच."

हे वाक्य पुण्यात रोज हजार ठिकाणी बोललं जात असेल. विक्रांतनं डिकीतली टॉमी, चाक उघडायची लोखंडी पहार, उचलली. हमीदभाईंचा उजवा हात डिकीच्या काठावर होता. टॉमी त्याच्यावर पडली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा घाव खांद्यावर बसला. ते खाली पडले तेव्हा त्यानं त्यांच्या बरगडीत लाथ घातली, मग पुन्हा घातली. त्यांच्या डाव्या हातात कमरेला खोचलेली कापड कापायची मोठी कात्री आली होती. मी पाहिलं, हमीदभाईंनी ती गाडीखाली दूर भिरकावून दिली. दोन मेकॅनिकांनी विक्रांतला मागून धरलं, तेव्हा नव्या हुडावर रक्ताचे शिंतोडे उडालेले होते.

सगळे हमीदभाईंना उठवायला धावले. त्यांनी डाव्या हातानं सगळ्यांना झिडकारलं. ओठ फाटला होता. अंगठा भलत्याच दिशेला वळला होता.

"नळी लावा," ते म्हणाले.

"हमीदभाई, आधी दवाखाना..."

"नळी लावा म्हणतो ना!"

आणि तो साठीचा माणूस डिकीत चढला. आमच्याकडे गळती शोधायची ती जुनी रीत होती. एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं आणि बाकीच्यांनी वरून पाणी सोडायचं. पण मोडक्या हातानं आत बसलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. "एक थेंब आत आला तर दुसरा हातही मोडा," ते विक्रांतला म्हणाले आणि स्वतःच झाकण ओढून घेतलं.

दहा मिनिटं आम्ही हुडावर आणि डिकीवर पाणी मारलं. आतून मधूनमधून कण्हल्याचा आवाज येत होता. झाकण उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा घामानं आणि रक्तानं भिजला होता, पण सदऱ्याची पाठ कोरडी होती. त्यांनी स्टेपनी काढायला लावली. खाली चार बोटं पाणी होतं, आणि त्यावर कुजलेल्या झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या.

मेकॅनिकांनी विक्रांतला सोडलं होतं, पण त्याच्या हातातली टॉमी तशीच होती. "मग हे आधी का नाही सांगितलं?" तो ओरडला.

"सांगितलं होतं," हमीदभाई म्हणाले. "या मानेंना."

सगळे माझ्याकडे वळले. विक्रांतच्या मागे उभे असलेले आमचे शेठ मला मान हलवून खुणावत होते, नाही म्हण. नाही म्हटलं असतं तर हमीदभाई खोटे ठरले असते, शेठचं गिऱ्हाईक टिकलं असतं आणि माझी नोकरीही.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी पोचवलं नाही. घाबरलो."

विक्रांत टॉमी घेऊन माझ्याकडे निघाला. त्याच्या आधी हमीदभाई पोचले. डाव्या हाताची अशी सणसणीत कानफटात बसली की मी टायरांच्या ढिगावर जाऊन पडलो. "हा माझा माणूस आहे," ते विक्रांतकडे पाठ करून म्हणाले. "याला मारायचं तर मी मारीन." विक्रांतनं टॉमी गाडीच्या पुढच्या काचेवर मारली. काच खळकन फुटली. स्वतःचीच काच फोडून तो तसाच रस्त्यानं चालत निघून गेला.

संध्याकाळी पोलीस चौकीत मी फिर्याद लिहायला बसलो तेव्हा शेठ माझ्या कानाशी लागले, "शिडीवरून पडले असं लिहा. मोठ्या घरची माणसं आहेत ती, मिटवून घेऊ." हमीदभाई बाकावर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. ते म्हणाले, "माने, सगळं लिही. तुझंसुद्धा. आणि पहिल्या ओळीत लिही, हूड गळत नव्हतं." मी तसंच लिहिलं. आयुष्यात शिकलेल्या अक्षरांचा उपयोग झाला असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. खटला रेंगाळला, पुढे साक्षीदार फिरले आणि विक्रांत सुटला. हमीदभाईंचा अंगठा कधी सरळ झाला नाही. त्यांना सुई धरता येईना.

मी नंतर एका शाळेत शिक्षक झालो आणि धायरीला राहायला गेलो. दर ईदला त्यांच्या घरी जायचो. ते शिव्या घालत शीरखुर्मा पुढे करायचे. ते गेले त्याच्या महिनाभर आधी मी त्यांच्या खाटेजवळ बसलो होतो. इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं, "हमीदभाई, तुमच्या मनातून ते गेलं का हो? माझं?"

"वेडा आहेस का?" ते क्षीण आवाजात खेकसले. "तुला मारलं तिथंच संपलं ते. ज्याचं मनात ठेवतो ना, त्याला मी हात लावत नाही."

"आणि विक्रांत?"

ते म्हणाले, "त्याला कुठं मारलं मी?"