सोवळ्यातली हार्ड डिस्क

सबंध पुण्यात सोवळ्याची माझ्या मावशीइतकी कट्टर दुश्मन सापडणार नाही, आणि तिच्याइतकं कडक सोवळं पाळणारीही सापडणार नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने धुण्याभांड्याच्या बाईंना थेट स्वयंपाकघरात नेऊन पाटावर जेवायला बसवलं. सासूबाईंनी निषेध म्हणून उपास धरला. "तब्येतीला चांगला असतो," मावशी म्हणाली. सोवळं म्हणजे माणसापासून माणूस तोडणारी सुरी, असं मी चळवळीच्या पत्रकांतून लिहितो ते तिच्याकडूनच शिकून.

निवृत्तीनंतर तिने घरकाम करणाऱ्या बायकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायला घेतल्या, आणि त्या साठवण्यापायी बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये सोवळं अवतरलं! हार्ड डिस्क दोन. एक कपाटात, सुती पिशवीत. दुसरी खडकीला मैत्रिणीकडे. दोन्ही एका छपराखाली कधीच नाहीत. आधी कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडायचं, व्हायरस तपासायचा, मगच डिस्क जोडायची, आणि काम झालं की लगेच पिशवीत. माझा पेनड्राइव्ह दिसला की ती ओरडायची, "लांब ठेव! कुठे कुठे तोंड घालून आलाय तो!" मी तिला ढोंगी म्हणालो. "माणसांना लावलेलं सोवळं वाईट," ती म्हणाली. "यंत्रांना काय अपमान वाटतोय?"

एवढं करून वीजबिल थकल्याचा खोटा ईमेल उघडला तिनेच. बिल आल्या दिवशी भरणाऱ्या बाईला थकबाकीदार म्हणतात म्हणजे काय? खडसावून उत्तर लिहायचं म्हणून तिने सोबतची फाइल उघडली, आणि कॉम्प्युटरवरचे सगळे आवाज कुलूपबंद झाले. पडद्यावर खंडणीची मागणी. मी कपाटाकडे धावलो, तर मावशी आडवी आली. "अहो क्रांतिकारक, हात मागे! आजारी मशीनला जोडलीत तर हीपण जाईल. आधी त्याला आंघोळ."

खंडणी द्यायची नाही, हे आम्हा दोघांना प्रथमच न भांडता पटलं. वरच्या मजल्यावरच्या, आयटीत नोकरी करणाऱ्या मुलीने मशीन पूर्ण पुसून नव्याने उभं केलं. तोवर मावशी धड जेवली नाही. पाटावर जेवलेल्या त्या बाई आता हयात नव्हत्या. त्यांचा आवाज उरला असला तर त्या पिशवीत, नाहीतर खडकीला.

डिस्क जोडली. थोडी खरखर झाली, आणि बाई बोलू लागल्या, "पाटावर बसले खरं, पन घास उतरंना. वाटायचं, आत्ता कुनी उठवंल."

मावशीने शेवटपर्यंत ऐकलं. मग डिस्क काढून पिशवीत ठेवली आणि हलकेच थोपटत म्हणाली, "बसा निवांत. आता कोण उठवतंय."