वाटी होणारी चकती

प्रयोगशाळेतल्या ताईंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. काय झालं ते मग. ताई उमरखेडच्या, यवतमाळच्या कॉलेजात संशोधन करतात. मी पार कोकणातली. आठवीत शाळा सुटली. महिनाभर काम बघू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू, अशा बोलीवर त्यांच्याकडे काचा-भांडी धुवायला होते. तसंच घरी परत जायला तोंड नव्हतं.

ताई जेलीसारख्या मऊ पदार्थाच्या पातळ चकत्या ओतायच्या. साच्याच्या काचेवर बारीक रेघा कोरलेल्या असत. त्या रेघा चकतीच्या एकाच अंगाला उमटत. पाण्यात सोडली की दोन्ही अंगं सारखी फुगत नाहीत, म्हणून सपाट चकती आपोआप उठून वाटी होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकलेच.

त्या दिवशी ताईंचं काम बघायला बाहेरून परीक्षक येणार होते. जेवायला निघताना मी दिवा, पंखा, कूलर, सगळं बंद केलं. रिकाम्या खोलीत वीज जाळायची नाही, हे आईनं अंगात भिनवलेलं. आमच्याकडे हवाच ओली. मे महिन्यातली इथली कोरडी हवा काय करते, ते मला कुठलं ठाऊक? परत आले तर चकत्या सुकून विडीसारख्या वळलेल्या.

एक सरळ करायला गेले, ती कडेला तडकली.

"हात नको लावू," मागून ताई म्हणाल्या. "कूलर कोनं बंद केला?"

"मी."

"काहून?"

"खोलीत कोणी नव्हतं म्हणून."

"अवं, तो आपल्यासाठी नाही, या चकत्यांसाठी हाय. त्याच्या ओल्या हवेनं त्या सुकत नाहीत. आपन घामानं भिजलो तरी चालते."

त्या हसल्या मात्र नाहीत. ओलं फडकं पिळून पातेल्याच्या आत लावलं आणि पातेलं चकत्यांवर पालथं घातलं. "सीधी पाण्यात टाकली तं आताच वाटी होईन. मंग परीक्षकायले दाखवू काय?"

आम्ही दोघी पातेल्याकडे बघत बसलो. तेवढ्यात विभागाचे मोठे सर दारात आले. "गाडी फाटकात आली. झालं का?"

ताईंनी पातेलं उचललं. एकच चकती उलगडली होती, तीही कडेला जरा उचललेली. सरांची नजर तडकलेल्या तुकड्यावर गेली. "हे कोणी केलं?"



"कूलर हिनं बंद केला, सर," ताई म्हणाल्या. "पण तो कशासाठी चालू असतो, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चूक माझी. तिला ठेवा. पुढच्या चकत्या ओतायला मी तिला शिकवते."

"बघू," म्हणून सर पाहुण्यांकडे गेले.

सगळ्यांसमोर ताईंनी चकती पाण्यात सोडली. ती नुसतीच तरंगत राहिली. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग एक कड हलली, दुसरी उठली, आणि एका बाजूला कललेली का होईना, वाटी झाली.

"वाकडी आहे जरा," परीक्षक म्हणाले.

"आमच्या उन्हाळ्यात माणूसही वाकडा होतो," सर म्हणाले. जाताना माझ्यापाशी थांबले. "सोमवारपासून ओतायला शिका."

मी ताईंचे आभार मानायला गेले आणि नुसतंच पातेलं धुवायला घेतलं. अजून नीट मानलेले नाहीत. पण कधी त्यांच्यावर कोणी बोट रोखलं, तर माझा आवाज कितीही कापला तरी चारचौघांत मी पुढे होऊन बोलेन. हे देणं मी फेडणार आहे.