वीतभर दोऱ्यासाठी अर्धं पुणे

परदेशवाऱ्यांचे फोटो टाकणाऱ्या मंडळींनी आज जरा सरकून बसावं. मी शनिवारी बिबवेवाडीहून मंडईपर्यंत गेले आणि परत आले. सोबत शेजारचे अप्पा होते. आम्हाला हवा होता वीतभर दोरा.

अप्पांच्या पत्नी सुमनताई यांचं त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गाणं होतं. हळदीकुंकवात ‘एखादं म्हणा ना’ एवढ्यावर जिची आयुष्यभर बोळवण झाली, ती बाई साठीनंतर पहिल्यांदा दोन तास एकटी गाणार होती. या आनंदात अप्पांनी सकाळी तिचा तानपुरा पुसला. सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस जितक्या निष्ठेने पुसेल, तितक्या निष्ठेने. तारांखाली अडकलेले चार मळके दोरे त्यांनी चिमट्याने उपटून काढले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले.

तार भोपळ्यावरच्या घोडीवर, म्हणजे छोट्या पट्टीवर, टेकते तिथे तिच्याखाली बारीक दोरा सरकवलेला असतो. तो असतो म्हणून तार गुंजते. तो काढला की तानपुरा पत्र्याच्या रिकाम्या डब्यासारखा वाजतो. सुमनताईंनी तार छेडली, डबा वाजला, आणि भिंतीपलीकडून मला हाक आली.

“मोबाईलवर तानपुरा मिळतो की,” अप्पा म्हणाले.

“मग गाणंही मोबाईललाच म्हणू द्या. मी सगळ्यांना फोन करून नाही म्हणून कळवते.” सुमनताईंनी खरंच फोन उचलला.

मी तो हातातून काढून घेतला. तारेचा आवाज तारेतूनच यायला हवा, या मताची मी आहे आणि त्यावर व्यासपीठावरून भांडलेही आहे. सुमनताईंचे गुरुजी लग्नाला सोलापूरला गेले होते. मंगलाष्टकांच्या गोंगाटात त्यांनी फोनवर ओरडून सांगितलं, “सूत किंवा रेशीम! दुसरं काही घालू नका!” घरातलं शिवणाचं रीळ पॉलिएस्टरचं निघालं. आम्ही निघालो.

तुम्ही जाणार असाल तर गाडी घरी ठेवा. शनिवारी तिथे पार्किंग शोधण्यापेक्षा नवी गाडी घेणं सोपं. आम्ही रिक्षा केली. वाद्यांच्या दुकानाला कुलूप होतं आणि पाटी होती: ‘मालक मिरजेस गेले आहेत. शेजारी चौकशी करू नये, त्यांनाही माहीत नाही.’ अप्पांनी तरी शेजारी चौकशी केली. शेजाऱ्याने बोलायचे कष्ट घेतले नाहीत, पाटीकडे बोट दाखवलं.

तिथून तुळशीबागेकडे. गल्लीच्या तोंडाशी एक पटवेकर बसतात, मंगळसूत्रं आणि माळा गाठवून देतात. पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून बोटं अशी चालतात की खरेदी विसरून पाहत राहावं. त्यांनी काळा दोरा काढला. “अस्सल रेशीम.”

“जाळून बघू?” मी विचारलं. रेशमाला जळताना केसांचा वास येतो, सुताला कागदाचा. याची टोकाला गोळी झाली आणि वास आला प्लास्टिकच्या बादलीचा.

“हे नायलॉन आहे.”

“बाई, मंगळसूत्र तुटू नये एवढंच गिऱ्हाईक बघतं.”

“तुटायचीही सोय असावी माणसाला.”

“तुमचे मिस्टर का हे?” त्यांनी अप्पांकडे अतीव सहानुभूतीने पाहिलं.

“शेजारी,” अप्पा घाईघाईने म्हणाले.

उन्हाने जीव कासावीस झाला तेव्हा एका कलादालनात शिरलो. प्रवेश मोफत, आत पंखे उत्तम, एवढ्यासाठीसुद्धा जावं. एका तरुण मुलीने छतापासून जमिनीपर्यंत हजारो पांढरे दोरे ताणून खोली भरली होती. खाली नाव होतं, ‘नाती’. मला ते आवडलं. दोऱ्यांमधून वाकून, अंग चोरून जावं लागत होतं, आणि नात्यांतून आपण तसेच तर जातो! हे मी अप्पांना समजावून सांगायला वळले, तर अप्पा कोपऱ्यात नेलकटर उघडून उभे.

“अंकल! प्लीज डोन्ट टच!”

“इतके आहेत गं बाळ. एकाने काय होतंय?”

“अंकल, एक कापला की बॅलन्सच जातो!”

मी मध्ये पडून सगळी हकिगत सांगितली. ती इतकी हसली की तिने स्वतःच जास्तीच्या रिळातला तुकडा जाळून पाहिला. गोळी झाली. “सॉरी हं आँटी, ऑनलाइन मागवला होता. त्यावर कॉटन लिहिलं होतं!” नातीही पॉलिएस्टरचीच निघाली.

मंडईजवळ उसाचा रस घेतला. आलं घालायला सांगा, बर्फ नको म्हणा. रस पिता पिता अप्पा समोरच्या पूजासाहित्याच्या दुकानाकडे बघत होते. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “बाई, रागावू नका. वडाचं सूत?”

मी वर्षानुवर्षं सभांमधून त्या सुताविरुद्ध बोलत आले आहे. बायकोने झाडाला गुंडाळायचं आणि नवऱ्याने घरी बसून आयुष्य वाढवून घ्यायचं! पण सूत ते सूतच, आणि घड्याळ कुणाच्या मतासाठी थांबत नव्हतं.

“वटपौर्णिमा होऊन गेली की,” दुकानदार म्हणाला. “सात जन्म काय आता बारमाही मागता?”

“सात जन्म नकोत हो,” अप्पा म्हणाले. “संध्याकाळचे दोन तास हवेत.”

“तेवढ्यासाठी अख्खी गुंडी लागेल. अर्धी मिळणार नाही.”

जाळलं. कागदाचा वास आला. चहापेक्षा स्वस्तात काम झालं.

घरी आलो तर सुमनताई नेसून तयार होत्या, पण फोन पुन्हा हातात होता. कच्चं सूत ताणलं की तुटत होतं. अप्पांनी तीन पदर मांडीवर वळून एक केले. सुमनताई तार छेडत होत्या, अप्पा तिच्याखाली दोरा सरकवत होते.

“पुढे. अहो पुढे म्हणजे माझ्याकडे! गेलं. मागे या. केसभर.”

डबा, डबा, डबा. आणि मग एकाएकी तार उघडली. एका तारेतून किती आवाज निघावेत! सगळी खोली त्या गुंजनाने भरली. अप्पांचं बोट तिथेच थांबलं.

“हे असं वाजतं?”

“लग्न होऊन आले तेव्हापासून असंच वाजतंय,” सुमनताई म्हणाल्या. “उरलेल्या तीन तारा कोण लावणार?”

गाणं थोडं उशिरा सुरू झालं. पहिला सा थरथरला, दुसरा थरथरला नाही. दोन तासांचे अडीच झाले आणि घड्याळ कुणीही दाखवलं नाही.

रात्री माझ्या दारात अप्पांनी विचारलं, “बाई, सुतावरचा राग गेला का?”

“सुतावर नव्हताच. ते कुणाच्या हातात देता आणि कुणासाठी फिरवता, त्यावर होता.” माझा एकही शब्द मी मागे घेत नाही. पण नवऱ्याने बायकोच्या सुतासाठी भर उन्हात शहर पालथं घालावं, हे व्रत कुणी सुरू करत असेल तर प्रचाराला मला बोलवा. भाषण फुकट करीन.

या प्रवासातून मी आणलं काहीच नाही. सकाळी चहा घेताना भिंतीपलीकडून तानपुरा ऐकू आला, त्यावर अप्पांचा आवाज. “तिसरी जरा दबलीय. केसभर मागे घेऊ?”

“अहो, बरोबर आहे तुमचं. पण आता हात काढा, मला गाऊ द्या.”