अर्धा धवला

हरेश गेला तेव्हा नियाजभाईंच्या लक्षात आलं, की या माणसाचं आडनावसुद्धा आपल्याला माहीत नाही. कितीतरी सकाळी सुकापूरहून कळंबोलीपर्यंत सायकली जोडीने चालवल्या; पण तो असताना त्याच्या घरी ते गेले एकदाच, मुलीच्या लग्नाला.

हरेश लोखंडबाजारात सळया कापायचा. नियाजभाई कुवेतची नोकरी संपवून परतलेले. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला लावलेली. हरेश पायडल मारता मारता गुणगुणायचा आणि एका ठरावीक जागी तोडल्यासारखा थांबायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"पुढचं येत नाही का?" एकदा नियाजभाईंनी धीर करून विचारलं.

"नाय ना चाचा. तेच तर डोक्यात अडकलंय."

त्याची आई गोदूबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी. तरुणपणी हरेशच तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून गावोगाव न्यायचा. वाटेत ती पाठवणीचा धवला घोळवायची, पण अर्धाच. रस्त्यावर अर्धा, पुरा नवरीसमोर, असा तिचा नेम. मांडवात पोचलं की बायका आत जायच्या, आणि हरेश बाहेर पुरुषांत पत्ते कुटत बसायचा. आई गेली तेव्हा त्याच्याकडे उरला तो वाटेवरचा अर्धा. त्यात नवरी उंबऱ्यावर येऊन उभी राहते. ती मागे वळून बघते की नाही, ते पुढच्या अर्ध्यात.

"वळत असंल ना, चाचा?"

"मला काय ठाऊक, बाबा."

पण ते गाणं नियाजभाईंनाही चिकटलं. नमाजाला उभे राहिले तरी मनात चाक फिरायचं आणि उंबऱ्याशी येऊन अडायचं. स्वयंपाकघरातून बायको गुलशन टोमणा मारायची, "रोज उठून कुणाच्या लग्नाला निघता?"

माधुरीचं लग्न ठरलं तेव्हा हरेशचा चेहरा बघण्यासारखा होता. मुलगी एकच. आईच्या जोडीला गाणारी रंभा उरणकडे अजून होती. तो सायकलनेच तिला सांगायला गेला.

"शिकवणार नाय म्हनली. पुरुषाला नाय, आन् लगीन नसताना तर नायच. पन पाठवणीला येते म्हनली. या टायमाला मी बाहेर नाय बसणार, चाचा. तिच्या पायाशी बसणार."

आणि तो बसला. पाहुणे हसले, कुणीतरी म्हणालं, "हरेश, साडी पन नेस!" त्याने लक्ष दिलं नाही. रंभा नव्वारीचा पदर सावरून दाराशी बसली, माधुरी आत उभी. म्हातारीचा आवाज चिरका, पण चाल तीच. मांडवाच्या टोकाला खुर्चीवर बसलेल्या नियाजभाईंचे ओठही हलत होते. गाण्यात नवरी उंबऱ्यावर आली.

तेवढ्यात रस्त्यावर डीजेचा धडाका सुरू झाला. खुर्च्यांचे पाय थरथरले. हात वर करून इशारा दिला होता प्रितेशने, हरेशच्या मुलाने.

"प्रितेश! बंद कर ते! थोडा थांब!"

"पप्पा, वराडी खोळंबलेत. म्हातारीचं काय संपत नाय. नंतर मोबाइलवर रेकॉर्ड करू ना!"

डीजे बंद व्हायला वेळ लागला. झाला तोवर रंभा उठून पिशवी शोधत होती.

"मावशे, बस. तिथूनच घे पुढं," हरेश हात जोडून म्हणाला.

"तुटलेला धवला जोडत नाय रं. नवरीला बरा नसतो. गोदूच्या पोराला हे मी सांगायचं?"

हे त्यालाही माहीत होतं. आईनेच सांगितलेलं. पोटच्या मुलीच्या बऱ्यावाइटाचा प्रश्न. त्याने जोडलेले हात खाली घेतले. डीजे पुन्हा वाजू लागला आणि माधुरी गाडीत बसली. गर्दीत ती मागे वळली की नाही, ते नियाजभाईंना दिसलं नाही. हरेश तर बघतच नव्हता. तो रंभेची पिशवी घेऊन उभा होता.

रंभेला त्यानंतर कुठल्या लग्नाचं बोलावणं आलं नाही, आणि पावसाळ्यात ती गेली. हरेशने प्रितेशचे इयरफोन मागून घेतले. सायकलवर बसला की दोन्ही कानांत घालायचा. गुणगुणणं थांबलं.

एका दुपारी बाजारातच, वजनकाट्याशेजारी बसल्या जागी त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथेच गेला. नियाजभाई भेटायला गेले तेव्हा प्रितेश मोबाइल चाळत म्हणाला, "बघा ना चाचा, पप्पांचा आवाज कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाय." नियाजभाईंनी मान हलवली.

हरेश गेला त्याच्या आदल्या सकाळी दोघं नेहमीसारखे निघाले होते. चढावर नियाजभाईंच्या तोंडून नकळत तेच गाणं निघालं आणि उंबऱ्याशी येऊन थांबलं. हरेशने एका कानातला इयरफोन काढला. मग मान वळवून त्यांच्या सायकलकडे पाहिलं.

"चाचा, मागच्या चाकात हवा कमी हाय."

"येताना भरतो."

"आत्ताच भरा. रिम वाकंल," तो म्हणाला आणि इयरफोन परत कानात घातला.